अख्खी वीट

एक नदी होती, तिला कूस बदलायची सवय होती. दोन-तीन पिढ्या शांत वाहायची, मग एखाद्या वर्षी काठावरच्या गावाकडे हळूहळू सरकू लागायची. गावकरी कुरकुरत नसत. ‘नदीने उठवलं’ एवढेच म्हणत, घरे उतरवत, विटा गाड्यांवर चढवत आणि वरच्या अंगाला तेच गाव पुन्हा उभे करत. धुक्यात दुरून पाहणाऱ्याला वाटे, गावच झोपेत चालले आहे.

त्या गावात एक वृद्ध गवंडीण राहत असत. सारे त्यांना माई म्हणत. त्यांनी मान डोलावल्याशिवाय कुणी स्वतःला गवंडी म्हणवून घेत नसे. त्यांचा एक शिष्य तीन वर्षे एकाच ध्यासात होता. डोंगरातला काळा दगड जाळून, दळून त्याने असा मसाला सिद्ध केला, की त्याने दोन विटा धरल्या की कायमच्या. गावासाठी धान्यकोठार बांधू पाहणारा एक व्यापारी त्याला म्हणाला, “माईंनी हो म्हणू दे. कोठारच काय, सगळं गाव तुझ्या मसाल्यानं बांधू.”

शिष्याने नमुन्याची भिंत रचली. ती वाळल्यावर पहार घेऊन तो माईंची वाट पाहत राहिला. माई घाव घालतील आणि भिंत हलणार नाही, हे दृश्य त्याने मनात कितीदा तरी पाहिले होते. माईंनी पहारीकडे बघितलेही नाही. त्या भिंतीसमोर मांडी घालून बसल्या.

“यातली एक वीट मला काढून दे. अख्खी.”

“काढून? माई, निघू नये म्हणून तर तीन वर्षं घालवली.”

“ते कळलं. काढ.”

पहिली वीट फुटली. दुसरी चिरली. सातवीचे तुकडे झाले तेव्हा ऊन कलले होते आणि शिष्याचे तळवे सोलवटले होते.

व्यापारी खूश झाला. “किती भक्कम, माई!”

“तुम्ही थांबा जरा, शेटजी. तुमचं काही फुटलेलं नाही.”

मग माई शिष्याला आपल्या घरी घेऊन गेल्या. भिंतीवर पाणी शिंपडून त्यांनी थापीच्या टोकाने सांध्यातला चुना खरवडला, आणि वीट अलगद त्यांच्या हातात आली. तिच्यावर चार इवल्या बोटांचे खळगे होते.

“माझ्या आजीची आजी लहानपणी ओल्या विटेवर हात उमटवून पळाली. मार खाल्ला असणार कार्टीनं. ही वीट तीन काठ हिंडलीय.”

शिष्याने त्या खळग्यांवरून बोट फिरवले. क्षणभर त्याला वाटले, साऱ्या भिंतीतून लहान लहान हात श्वास घेत आहेत. पण अभिमान दुखावला होता.

“मग काय, कच्चं बांधायचं?”

“कच्चं बांधलंस तर कान उपटीन,” माई म्हणाल्या. “घट्ट धरणं ही अर्धी विद्या. ती तू माझ्याहून जास्त शिकलास. पण नदी उठवेल तेव्हा तुझ्या कोठाराचा ढिगारा होईल. नव्या विटांना माती कुठली आणणार? शेतातली. शेतं खणून कोठार बांधायचं, मग त्यात भरायचं काय? जे हे कोठार उतरवतील, ते अजून जन्मले नाहीत रे. त्यांचेही तळवे सोलवटतील.”

हिवाळाभर शिष्य चुन्यात आपला मसाला चिमटी-चिमटीने मिसळत राहिला. ऊन तापू लागले तेव्हा त्याने पुन्हा भिंत रचली. या वेळी माईंनी पहारीचे दहा घाव घालून पाहिले, भिंत हलली नाही. मग त्याने स्वतःच थापी घेतली, सांधा खरवडला आणि एक अख्खी वीट माईंच्या हाती ठेवली.

माईंनी ती उलटसुलट पाहिली, परत जागेवर बसवली. “बांध,” त्या म्हणाल्या.

व्यापाऱ्याने विचारले, “टिकेल किती वर्षं?”

शिष्याने नदीकडे पाहिले.

“ती उठवेपर्यंत.”