घटिकापात्रातील रेघ

ज्या काळी वेळ पाण्यात मोजली जाई, त्या फार जुन्या काळातील ही गोष्ट आहे. मोठ्यांनी ती लहानांना वाचून दाखवावी आणि वाचून झाल्यावर स्वतःशीही थोडा विचार करावा.

डोंगराळ अशा एका राज्यात, घाटाच्या तोंडाशी एक गाव होते. त्या गावाची रीत अशी, की वर्षाच्या पहिल्या दिवशी देवीच्या मस्तकावरील फूल गावातील एका मुलाने वा मुलीने धावत गडावर न्यायचे. फूल कोमेजण्याआधी राजाच्या हाती पडले पाहिजे. हा मान ज्याला मिळे, त्याच्या घराकडे गाव वर्षभर आदराने पाही.

त्या गावात एक मुलगी होती. तिला चालणे असे ठाऊकच नव्हते. पाणी आणायला सांगितले तरी ती धावत जाई आणि अर्धी घागर वाटेत सांडून हसत परत येई. तिच्या बापाला लहानपणी फुलाच्या मानाची फार आस होती. ती पुरी झाली नव्हती. मुलीचा वेग त्याने पाहिला आणि निवलेली राख पुन्हा धुमसू लागली.

बापाने एक घटिकापात्र विकत आणले. घटिकापात्र म्हणजे तांब्याची पातळ वाटी, तिच्या तळाला सुईच्या अग्राएवढे भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडली, की आत हळूहळू पाणी चढे आणि एक घटका भरताच ती बुडे. मुलीने उंबरठ्यावरून निघायचे, टेकडीवरच्या वडाला हात लावायचा आणि परत यायचे. ती येताच बाप पात्र उचली आणि पाणी जिथवर चढले असेल, तिथे आतून खिळ्याने रेघ ओढी. रेघ जितकी खाली, तितकी धाव सरस.

पहिले काही महिने रेघ खाली खाली सरकत गेली. बाप मान डोलवी. ती डोललेली मान पाहिली, की मुलीला दोन घास अधिक जात.

बाप मोठा काटेकोर होता. रोज सकाळी तो पात्र चिंचेने घाशी, आणि भोकात गाळ राहू नये म्हणून त्यातून दाभण फिरवी. "माप चोख, तर न्याय चोख," असे तो म्हणे.

पुढे एके दिवशी रेघ खाली सरकायची थांबली. त्यानंतर ती वर चढू लागली.

"आज कुठे रेंगाळलीस?" बापाने विचारले.

"कुठेच नाही, बाबा. आज तर मला वाटलं, माझे पाय जमिनीला लागतच नाहीत."

"वाटण्याला काय किंमत? ही रेघ बघ. कालच्या रेघेच्या वर आहे."

मुलीने वाकून पाहिले. रेघ खरोखरच वर होती. तांबे काही खोटे बोलत नाही; तेव्हा खोटे बोलतात ते आपले पायच, असे तिने मनाशी ठरवले. त्या दिवसापासून पायांनी काहीही सांगितले, तरी ती ऐकेनाशी झाली.

शेजारची कुंभाराची मुलगी तिची मैत्रीण होती. ती म्हणाली, "अगं, काल आमच्या दारावरून गेलीस, तेव्हा कोंबड्या तेवढ्या दचकल्या. तू दिसलीसच नाहीस. दादाला म्हटलं, लाव हिच्याशी शर्यत. तर म्हणतो कसा, मला काय धूळ खायची हौस आली आहे?"

"माझी समजूत घालू नकोस," मुलगी कोरडेपणाने म्हणाली, आणि कुंभाराच्या दारावरून जाणे तिने सोडून दिले.

आईच्याने पाहवेना. ती एकदा नवऱ्याला म्हणाली, "अहो, पोरीच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. चार दिवस तिला राहू द्या."

"चार दिवसांत रेघ कुठच्या कुठे जाईल, कल्पना आहे तुला?"

आई आणखी काही बोलणार, तोच मुलगीच म्हणाली, "आई, तू यात पडू नकोस." आपले लेकरू हाताशी बसलेले असूनही दूर गेले, हे तिला त्या क्षणी कळले.

थंडीचे दिवस आले. फुलाच्या मानासाठी मुलांची निवड जवळ आली होती. मुलीच्या अंगात ताप होता; तो तिने कुणाला सांगितला नाही. ती धावली. वडाला हात लावून उतरताना तिच्या छातीत कळ आली, तरी ती थांबली नाही. उंबरठ्याशी येऊन ती कोसळली.

बापाने आधी पात्र उचलले, मग मुलीला. पडल्या जागेवरून तिने ते पाहिले.

वैद्य आले. त्यांनी नाडी पाहिली आणि दर घटकेला काढा द्यावा असे सांगून गेले. बापाने घटिकापात्र तिच्या उशाशी आणून घंगाळात सोडले. आईने काढा पाजला आणि चुलीवर भात टाकला.

थोड्याच वेळाने बाप म्हणाला, "पात्र बुडालं. दुसरा काढा आण."

"घटका झाली?" आई चुलीपासून म्हणाली. "अहो, तांदळाला अजून कढ आला नाही. एका घटकेत माझा भात शिजून खाली उतरतो."

बापाने पात्र उचलून दाराच्या उजेडात धरले. तळाच्या भोकातून उजेडाची तिरीप आत आली. रोजच्या दाभणाने भोक मोठे होत गेले होते. आता त्यातून खसखशीचा दाणा सहज गेला असता. पाणी दिवसेंदिवस अधिक वेगाने चढत होते, आणि मुलगी त्या पाण्याशी शर्यत लावत होती.

बाप अंथरुणाजवळ बसला आणि म्हणाला, "बाळ, रेघा चुकीच्या होत्या. तू रेंगाळत नव्हतीस, जोरातच धावत होतीस."

मुलगी आढ्याकडे पाहत राहिली. "मग मला कुणी सांगितलं का नाही?" तिने विचारले, आणि विचारता विचारताच तिला आठवले, की मैत्रिणीने सांगितले होते, तिच्या पायांनीही सांगितले होते.

ताप उतरला, पण गेलेला दम परत आला नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी गावातील दुसऱ्या एका मुलाने फूल गडावर नेले. त्या दिवशी बाप घरातून बाहेर पडला नाही. पात्र त्याने आधीच डोहात टाकून दिले होते.

उन्हे तापू लागली, तेव्हा तो एका सकाळी मुलीला म्हणाला, "चल, टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येऊ. अगदी सावकाश. धावायचं नाही. नुसतं हिंडून येऊ."

मुलगी उंबरठ्यापर्यंत आली आणि थांबली. तिने मागे वळून रिकाम्या घंगाळाकडे पाहिले.

"पण बाबा," ती म्हणाली, "आपण चांगले चाललो की नाही, हे कळणार कसं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला ते खरोखरच जाणून घ्यायचे होते. बाप उंबरठ्यावरच बसला, आणि ती दोघे त्या सकाळी कुठेही गेली नाहीत.

तात्पर्य : मापावर विसंबून जो मुलावरचा विश्वास सोडतो, तो मुलाचा स्वतःवरचा विश्वासही हिरावून घेतो.