साडेचारचे वऱ्हाड

एकदा एक अर्धीच बातमी आमच्या जिन्यावरून खाली आली. "तिसऱ्या मजल्यावरची शैलजा शेअरबाजारात बुडाली, आता मंगल कार्यालयाबाहेर गजरे..." एवढे ऐकू आले आणि वरचे दार बंद झाले. शैलजा शिवणकाम करते. ओव्हरलॉक मशीनसाठी तिने चाळीस हजार जमवले होते, हे मला ठाऊक. जिवाला चैन पडेना. पिशवी घेतली आणि कार्यालयाकडे निघाले.

पाहते तर कडुनिंबाखाली शैलजा खरोखरच गजऱ्यांची टोपली घेऊन बसलेली. शेजारी खुर्चीवर नरहरीअण्णा. शेअरदलालाच्या पेढीत चाळीस वर्षे काढलेले हे वृद्ध गृहस्थ तिला बाजार शिकवत होते.

"अगं, हे काय?"

"अण्णांनाच विचारा, काकू. मी म्हटलं ऑप्शन शिकवा, तर यांनी टोपली हातात दिली."

ऑप्शन म्हणजे काय, तेही तिनेच सांगितले. थोडे पैसे भरून एखादा शेअर ठरल्या भावाने घेण्याचा हक्क घ्यायचा; तो हक्क मुदतीआधी विकताही येतो. मुदतीच्या आत शेअर चांगला चढला तर मोठा फायदा, नाही चढला तर भरलेले पैसे गेले. एक कंपनी चढणारच अशी तिची खात्री होती, आणि मशीनचे सगळे चाळीस हजार तिला त्यावर लावायचे होते.

"वऱ्हाड येणार आहे," अण्णा शांतपणे म्हणाले. "गजरे केव्हा विकायचे, ते तिचं तिनं ठरवायचं."

बारा वाजता दोघी-तिघी आल्या, वीस रुपयांना मागू लागल्या. शैलजा म्हणाली, "चाळीसच्या खाली नाही. वऱ्हाड येतंय." दोन वाजता कोणी दहाला मागितला. ती हलली नाही. मीही हलले नाही. घरी कणीक तशीच भिजवून आले होते, पण उठवेना.

साडेचारला वऱ्हाडाची बस आली. नटलेल्या बायका टोपलीभोवती जमल्या. एकीने गजरा उचलला, तपकिरी पडलेल्या कळ्या पाहिल्या आणि परत ठेवला. "ताई, हे कालचे का?"

शैलजाचे डोळे भरले. "अण्णा, वऱ्हाड आलं की हो. मग माझं चुकलं कुठे?"

"काय घडणार, हे तू बरोबर ओळखलंस. केव्हा घडणार, ते तुझ्या हातात नव्हतं. शेअर म्हणजे मोगऱ्याचं झाड, पोरी. आज फुललं नाही तर उद्या फुलेल, दाराशी उभं राहील. ऑप्शन म्हणजे गजरा. बाजार जागचा हलला नाही तरी तो तासातासाला सुकतो. म्हणून किती वाजता विकायचा, हे घेतानाच ठरवावं. आणि घरातल्या सगळ्या पैशांचे गजरे कोणी घेत नाही."

शैलजाने टोपली उचलली आणि आम्ही घरी निघालो.

पुढच्या महिन्यात तिने सहा हजारांचा एकच ऑप्शन घेतला आणि जुन्या मशीनवर चिठ्ठी डकवली: 'वीस तारखेपर्यंत चढला नाही तर विकणे.' वीस तारीख उजाडली. शेअर जागच्या जागी. मी म्हटले, "थांब की, अजून आठ दिवस आहेत मुदतीला."

"काकू, दोन वाजलेत," ती म्हणाली, आणि चार हजारांना विकून मोकळी झाली.

मुदत संपली तेव्हा त्या ऑप्शनची किंमत शून्य होती. पुढच्याच आठवड्यात शेअर उसळला. अंदाज पुन्हा खरा, वेळ पुन्हा चुकलेली. त्याच संध्याकाळी शैलजा पेढे घेऊन आली.

"दोन हजारांच्या तोट्याचे पेढे?" मी विचारले.

"तोट्याचे नाहीत. तुम्ही थांब म्हणत होतात, तरी ठरल्या दिवशी विकलं, त्याचे."

अण्णांनी साखरेचे पथ्य मोडून दोन पेढे खाल्ले. "हे शिकायला मला सहा वर्षं लागली," ते म्हणाले. "तुला एक टोपली लागली."

अडतीस हजार शाबूत होते. उरलेले दोन तिने चार ब्लाउज शिवून उभे केले, आणि मशीन आली. बातमीचे म्हणाल, तर गजरे खरे होते, तोटाही पुढे खरा झाला. बुडाली, एवढे मात्र मी प्रत्येक मजल्यावर जाऊन खोडून आले.