चिचुंद्रीचं पिल्लू आणि उड्यांचं घर

एक होती चिचुंद्री. नाक लांब, डोळे बारीक. तिची तीन पिल्लं.

आई निघाली की पिल्लं निघायची. आईची शेपटी ताईच्या तोंडात. ताईची शेपटी दादाच्या तोंडात. दादाची शेपटी छोटुकल्याच्या तोंडात. तुरुतुरु, तुरुतुरु, सगळी एका ओळीत.

एकदा उन्हाळ्यात, सकाळी सकाळी, ती परसातल्या गवतातून चालली होती. तेवढ्यात वरून काय आलं?

सर्रर्रर्र!

लाल-निळं भलंमोठं कापड गवतावर पसरलं.

चिचुंद्री पळाली. ताई पळाली. दादा पळाला. कुंपणाशी येऊन चिचुंद्रीने मागे बघितलं. आईच्या शेपटीला ताई. ताईच्या शेपटीला दादा. दादाच्या शेपटीला...

कुणीच नाही!

छोटुकला राहिला कापडाखाली. एका खळग्यात. "चुं चुं चुं!"

ते कापड म्हणजे भाड्याने आणलेलं उड्यांचं घर. आज स्वरदाचा वाढदिवस ना! कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, ठक् ठक् ठक्. पंखा लावला, घूंऽऽऽ. घर फुगलं. पोरांनी चपला काढल्या आणि टुणुक टुणुक आत शिरली. हेमाआत्या गळ्यात शिट्टी घालून समोर बसली. सगळं नीट ठरवलं होतं. सगळं नीट बघितलं होतं. फक्त गवतात कोण आहे, ते कुणी बघितलं नव्हतं.

वर पोरं. धप! धप! धप!
खाली पिल्लू. "चुं चुं चुं!"

"तुम्ही दोघं इथून हलायचं नाही," चिचुंद्री म्हणाली. आणि ती धावली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"घरा घरा, हल रे! माझं पिल्लू मला मिळेना!"

घर म्हणालं, "मी कसं हलू? मला खुंट्यांनी धरलंय. आधी खुंटी निघू दे."

चिचुंद्री धावली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"खुंटीताई, खुंटीताई, नीघ गं! घर हलेना, माझं पिल्लू मला मिळेना!"

खुंटी म्हणाली, "मी कशी निघू? घर हवेने भरलंय. मी सुटले तर पोरांसकट उडेल! आधी पंखा थांबू दे."

वर पोरं. धप! धप! धप!
खाली पिल्लू. "चुं चुं!"

चिचुंद्री धावली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पंखेदादा, पंखेदादा, थांब रे! खुंटी निघेना, घर हलेना, माझं पिल्लू मला मिळेना!"

पंखा म्हणाला, "घूंऽऽ! मी कसा थांबू? आत पोरं आहेत. मी थांबलो तर घर त्यांच्या अंगावर बसेल! आधी पोरं उतरू देत."

चिचुंद्री धावली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पोरांनो, पोरांनो, उतरा रे! पंखा थांबेना, खुंटी निघेना, घर हलेना, माझं पिल्लू मला मिळेना!"

पोरं म्हणाली, "ए हट्! आत्ताच तर चढलो! शिट्टी वाजली की उतरायचं. आधी शिट्टी वाजू दे."

वर पोरं. धप! धप! धप!
खाली पिल्लू. "चुं!"

चिचुंद्री धावली. आता तिला धाप लागली. तुरु... तुरु... तुरु...

"आत्याबाई, आत्याबाई, शिट्टी वाजवा हो! पोर उतरेना, पंखा थांबेना, खुंटी निघेना, घर हलेना, माझं पिल्लू मला मिळेना!"

आत्या म्हणाली, "कोण गं पायाशी चुंचुं करतंय? मी खाली बघणार नाही. माझी नजर हटली की पोर पडलंच! वारा सुटला तरच मी शिट्टी वाजवते. ते बघ कुंपणावर भिरभिरं. आधी ते फिरू दे."

चिचुंद्री धावली. कुंपणावर चढली.

"भिरभिऱ्या, भिरभिऱ्या, फीर रे! शिट्टी वाजेना, पोर उतरेना, पंखा थांबेना, खुंटी निघेना, घर हलेना, माझं पिल्लू मला मिळेना!"

भिरभिरं म्हणालं, "मी काय आपलं आपण फिरतं होय? वारा निजलाय त्या फणसात. आधी वारा उठू दे."

फणस किती लांब! पार परसाच्या टोकाला! चिचुंद्री धावली. तुरु... तुरु... तुरु...

"वारोबा, वारोबा, उठा हो! भिरभिरं फिरेना, शिट्टी वाजेना, पोर उतरेना, पंखा थांबेना, खुंटी निघेना, घर हलेना, माझं पिल्लू मला मिळेना!"

वाऱ्याने एक डोळा उघडला. "कोण? चिचुंद्री? लांब हो गं, वास येतो तुझा. एवढ्या उन्हाचं कोण उठतंय? संध्याकाळी बघू."

आणि वारा पुन्हा घोरायला लागला. घुर्रर्र...

चिचुंद्रीने कान टवकारले.

वर पोरं. धप! धप! धप!
खाली पिल्लू...

काहीच आवाज नाही.

मग तिला आला राग. असा राग, असा राग!

"संध्याकाळी? संध्याकाळी? खुंटीचं खरं, पंख्याचं खरं, आत्याचंही खरं! सगळ्यांचं खरं, मग माझ्या पिल्लाचं काय? वास येतो म्हणतोस? घे वास!"

तिने पाठ वाकवली. शेपटी ताठ केली. आणि सोडला... घाण घाण घाण वास!

"शी! शी! शी! आ... आ... आऽऽक्छीऽऽ!"

वारा उठला, सूंऽऽऽ!
भिरभिरं फिरलं, गरगरगर!
शिट्टी वाजली, फुर्रर्रर्र!

"वारा सुटला! उतरा रे सगळे! ढकलू नका! एकेक, एकेक!" आत्या ओरडली.

पोरं उतरली, टुणुक, टुणुक, टुणुक. आत्याने आत डोकावलं. कुणी राहिलं नाही ना? नाही.

पंखा थांबला, घूं... घूं... थप्प.
घर बसलं, फुस्सऽऽऽ!
खुंट्या निघाल्या, खट्! खट्! खट्! खट्!

आता सगळं कसं गप्प झालं. आणि त्या गप्पपणात, घराच्या कडेला, कोण ओरडत होतं?

"माझं पिल्लू! माझं पिल्लू!"

"आत्या," स्वरदा म्हणाली, "ही बघ चिचुंद्री. पळतच नाहीये. घराखाली नाक घालतेय."

आत्याने पहिल्यांदा खाली बघितलं. "अगं बाई! हिचं कुणीतरी खाली आहे! ओढू नका रे! ओढलं तर चिरडेल. उचला. हळू... हळू..."

सगळ्यांनी कड धरली. उचलली. हळू... हळू...

खळग्यात छोटुकला होता. डोळे मिटलेले. हलेना. डुलेना.

चिचुंद्री धावली. तिने त्याला हुंगलं. तिने त्याला चाटलं. पुन्हा चाटलं. पोरं वाकून बघू लागली.

एक पाय हलला.

मग दुसरा.

"चुं!"

"आहे! आहे!" पोरं नाचली. "शूऽऽ!" आत्या म्हणाली, "घाबरेल ना ते." पोरं जिथल्या तिथे बसली. कुंपणापासून ताई आली, दादा आला. दादाने शेपटी पुढे केली आणि छोटुकल्याने ती घट्ट, घट्ट धरली. तुरुतुरु, तुरुतुरु, ओळ निघाली गवतातून.

आत्या म्हणाली, "चुकलं गं बाई आमचं. हा कोपरा तुझा. इथे घर नाही लावायचं."

"मग माझ्या वाढदिवसाला उड्या नाहीत?" स्वरदाने विचारलं.

"आहेत ना. वारा पडू दे. पलीकडे लावू. पण आधी काय करायचं?"

पोरं पलीकडे गेली. गुडघ्यांवर बसली. गवताला नाक लावलं आणि हळूच हाक मारली,

"कुणी आहे का घरी?"

ओळ गेली बिळात, पिल्लू शिरलं कुशीत. गोष्ट थकली धावून धावून, आता बसली खुशीत!