सातव्या होलची चूल

तांबुळगडच्या गोल्फ मैदानावर सातवा होल, म्हणजे चेंडू मारत जायचा सातवा पट्टा, अर्ध्यातच कोपरासारखा वळतो. वळणाच्या पोटात, वडाखाली, एक झोपडी आहे आणि तिच्यातून सतत धूर येतो. खेळायला आलेले पाहुणे विचारतात, मैदानाच्या मधोमध हे काय? तेव्हा इथली जुनी माणसे सांगतात ते असे.

थोरले महाराज शिकारीत वाट चुकले आणि ठकूबाई धनगरणीच्या चुलीवरची भाकरी खाऊन तगले. ‘या चुलीत विस्तव असेल तोवर जागा तुझी,’ असा त्यांनी शब्द दिला. पुढे त्यांच्या चिरंजीवांनी या कुरणात गोल्फचे मैदान आखायला घेतले. आखणी रंगोपंतांकडे होती. पुण्यात शिकलेला, नेमका आणि भित्रा माणूस. जुनी झाडे राखून त्यांनी प्रत्येक होल बसवला. सातव्याची सरळ रेघ मात्र झोपडीतून जात होती. विस्तव विझला का, हे बघायला पंत रोज येत आणि तिथेच ताक पिऊन परत जात.

एके दिवशी ठकूबाईला निरोप आला : नदीपल्याड लेक बाळंतपणात अडली आहे. घरात दुसरे कोणी नव्हते. ती पंतांनाच म्हणाली, “इस्तू इझायची वाट बघताच न्हवं? मंग हितंच बसून बघा. पर इझू देऊ नका, पंत. माझी आन हाय.”

पंतांच्या तोंडून निघून गेले, “तुम्ही येईपर्यंत नाही विझणार.”

ती गेली आणि नदीला पूर आला.

महाराजांच्या कारभाऱ्यांना हे कळताच विस्तव विझावा म्हणून त्यांनी पहारा बसवला. मैदानात एक काटकीही जाऊ द्यायची नाही. “अहो पंत, इंजिनेरी शिकलात ती चूल फुंकायला का?” ते बाहेरून ओरडत. पंत सोडून गेले तर विस्तव विझणार. राहिले तर चाकरी जाणार. त्यांनी कुडाच्या काठ्या जाळल्या, मग छपराचे वासे. शेवटी ते पावसात गेले आणि आपल्याच हाताने ठोकलेल्या आखणीच्या खुंट्या उपटू लागले. बाभळीच्या होत्या, ओल्याही पेटल्या म्हणे.

पूर ओसरल्यावर धाकटे महाराज आले. “पंत, आमची सरळ रेघ कुठे आहे?”

“जळाली, महाराज.”

महाराज चुलीकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारले, “म्हातारी आली का?”

“नाही अजून.”

महाराजांनी पहारा उठवला आणि होल झोपडीला वळसा घालून न्यायला सांगितले. ठकूबाई पुरात गेली म्हणतात. कोणी म्हणतात, लेक गेली म्हणून नातवाला सांभाळत तिकडेच राहिली. खरे काय, कोण सांगणार? लोक पंतांना समजावत, “ती नाही आता, घरी चला.” पंत म्हणत, “तसं तिनं येऊन सांगावं.” ते त्या चुलीपाशीच म्हातारे झाले. त्यांच्यामागे मैदानाच्या माळ्यांनी चूल राखली.

आजही सातव्या होलच्या वळणावर पुढचा फटका मारण्याआधी खेळाडू झोपडीच्या दारात वाकून आपली लाकडी टी, चेंडू ठेवायची खुंटी, चुलीत टाकतो आणि विचारतो, “आली का?” चुलीपाशी बसलेला माळी “नाही अजून” म्हणतो, पण म्हणण्याआधी एकदा नदीकडे बघून घेतो.