टिचकीच्या घराला भोक

एक होती उंदरी. तिचं नाव टिचकी. धाकूमामांच्या छपराखाली, वाशावर, पेंढ्याचं तिचं घर. घरात तीन पिल्लं. दोन गुबगुबीत. एक धाकटं, बोराएवढं.

एके सकाळी समुद्रावरून वारा आला. घूं घूं! एक कौल उडालं. खळ्ळकन फुटलं. छपराला पडलं भोक. पावसाची एक सर येऊन गेली. भोकातून पाणी आलं. टप टप! टिचकीच्या पाठीवर टप टप. पिल्लांच्या अंगावर टप टप. धाकटं गार पडलं.

खाली रेडिओ बोलत होता. "संध्याकाळी मोठं वादळ येणार. घरं बांधा. छपरं बांधा." कोणी ऐकलं? टिचकीने ऐकलं.

टिचकी निघाली. तुरू तुरू तुरू. पडवीत धाकूमामा पान खात बसले होते.

"मामा, मामा, भोक झाका. माझी पिल्लं भिजली ना!"

"झाकीन गो. पण कौल फुटलं. आता झावळ्यांचा विणलेला झाप हवा. काकीला सांग. आणि घाई कसली? मिरगाला अजून वेळ हाय!"

मिरीग आला की पावसाळा लागतो. मिरगाआधी घर शाकारायचं, ही गावाची रीत. मिरगाला अजून आठ दिवस होते. पण हे वाऱ्याला कोणी सांगितलं होतं?

तुरू तुरू तुरू. अंगणात पारूकाकी तांदूळ निवडत होती.

"काकी, काकी, झाप विण. मामा भोक झाकीना. माझी पिल्लं भिजली ना!"

"विणीन गो. पण झावळी कुठाय? माडाला सांग. मिरगाला अजून वेळ हाय!"

तुरू तुरू तुरू. अंगणाच्या कडेला उंच माड.

"माडा, माडा, झावळी दे. काकी झाप विणेना, मामा भोक झाकीना. माझी पिल्लं भिजली ना!"

"देईन की. माझं डोकं जड झालंय. पण वर चढणार कोण? रावजी पाडेल्याला सांग. मिरगाला अजून वेळ हाय!"

तुरू तुरू तुरू. रावजी माडावर चढून नारळ पाडायचा. आज घरात लोळत होता.

"रावजी, रावजी, वर चढ. माड झावळी देईना, काकी झाप विणेना, मामा भोक झाकीना. माझी पिल्लं भिजली ना!"

"चढीन गो. पण कोयता बोथट झालाय. दगडाला सांग. मिरगाला अजून वेळ हाय!"

मोठी माणसं ही! हातपाय मोठे, आळसही मोठा.

तुरू तुरू तुरू. कोनाड्यात धारेचा दगड.

"दगडा, दगडा, धार लाव. रावजी वर चढेना, माड झावळी देईना, काकी झाप विणेना, मामा भोक झाकीना. माझी पिल्लं भिजली ना!"

दगड मिरगाचं काही बोलला नाही. म्हणाला, "कोरड्या दगडावर धार लागत नाही. पाणी घाल."

पाणी? कळशी उंच. विहीर खोल. टिचकीला रडू आलं. तेवढ्यात शेपटीवरून थेंब पडला. टप! अरे, टिचकीच तर चिंब होती! ते तिच्याच छपराचं पाणी. तिने अंग झाडलं. फडफड फडफड! दगड ओला झाला.

मग काय! दगडाने धार लावली. खस खस. वारा जरा पडला होता. रावजी माडावर चढला. सर सर. माडाने झावळ्या दिल्या. सप सप. माडाचं डोकं हलकं झालं. काकीने झाप विणला. एक विणला, दोन विणले, दहा विणले. मामांनी भोक झाकलं. सगळं छप्पर झाकलं. सुंभाने आवळून बांधलं. घट्ट घट्ट!

आणि वादळ आलं. घों घों घों!

पलीकडे आबांचं घर. आबांनी काहीच केलं नव्हतं. "मिरगाला अजून वेळ हाय," म्हणाले होते. आबांची कौलं उडाली. आबांचा जड माड मोडला. कडाड! गोठ्यावर पडला. गोठ्यात कपिला गाय होती. कपिला मेली.

आबा पोरांना घेऊन मामांकडे धावत आले. मामांनी दार उघडलं. सगळे एका खोलीत बसले. आबा ढसाढसा रडले. 

वर टिचकी पिल्लांजवळ गेली. टप टप? नाही. एक पिल्लू म्हणालं, चूं. दुसरं म्हणालं, चूं. धाकटं काहीच म्हणालं नाही. टिचकीने त्याला पोटाशी घेतलं. चाटलं. पुन्हा चाटलं. बाहेर घों घों घों.

खूप वेळाने धाकटं म्हणालं, "चूं."

सकाळी मामांनी वर पाहिलं. "टिचके, तुझ्यामुळे घर राहिलं गो. हा वासा तुझा. हा पेंढा तुझा."

आता त्या गावात कोणी मिरगाची वाट बघत नाही. वाऱ्याने घूं केलं, की झाप विणायला बसतात. सगळ्यांच्या आधी आबा बसतात.

झाप घट्ट, गाठ घट्ट. गोष्ट गेली छपराखाली, तुम्ही चला पांघरुणाखाली.