ठकूच्या खुरप्याची मूठ

फार मागे, अवजारांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. ठकूच्या खुरप्याची मूठ मोडली. तिचा नवरा भिवा सुताराकडे गेला आणि स्वतःच्याच हाताच्या मापाची नवी मूठ बसवून आला. "जाड मूठ टिकते," म्हणाला.

ठकूची बोटं काही त्या मुठीला पुरेनात. खुरप्याचं पातं कळवळून म्हणालं, "मुठीबाई, जरा तासून घे गं. मी तिच्या हातात फिरतंय."

"मी का झिजू? तिनं घट्ट धरावं की!" मूठ फणकारली.

तिसऱ्या दिवशी निंदताना खुरपं निसटलं आणि ठकूच्या डाव्या हाताचं बोट तुटलं. भिवानं रागानं पातं उकिरड्यावर फेकलं. मूठ मात्र नवीकोरी होती, म्हणून ती त्यानं लहानग्या लेकीच्या खुरप्याला बसवली.