उजव्या कुशीवरची खूण

"पण सर, तिघांत बरोबर कोण?"

ऑपरेशनसाठी पलंगावर पडलेल्या माणसाला असलं काही विचारायची ती वेळ नव्हती. पण डॉक्टर हर्षद शिरगुप्पेला दम निघत नव्हता.

मिरजेच्या त्या दवाखान्यात दुर्बिणीतून फुप्फुसाचं ऑपरेशन करणारे तिघे सर्जन होते. तिघेही याकूब मुजावर सरांच्याच हाताखाली तयार झालेले, तरी तिघांच्या तीन तऱ्हा. लोबो छातीला तीन छिद्रं पाडत, बागवानबाई दोन. हर्षद एकच पाडायचा, आणि जिथं जाईल तिथं त्याची चित्रफीत दाखवायचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे सर्जन मंडळींत जरा जास्तच चालतं.

आता खुद्द सरांच्याच उजव्या फुप्फुसात गाठ निघाली होती, आणि ती काढायला त्यांनी हर्षदला निवडलं होतं. त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता. सरांनी एकदा 'तुझंच बरोबर' म्हटलं, की बाकीच्या दोघांची तोंडं कायमची बंद.

सर डाव्या कुशीवर वळले आणि सदरा वर केला.

"खूण कर."

रोगी जागा असतानाच, ऑपरेशन करणाऱ्यानं स्वतःच्या हातानं त्याच्या अंगावर खूण करायची, म्हणजे बाजू चुकत नाही. ही शिस्त सरांनीच लावलेली. हर्षदनं पेन काढलं आणि काखेखाली, दोन बरगड्यांच्या मध्ये, दीड इंचाची रेघ ओढली.

"झालं?"

"झालं, सर."

"आत रक्तवाहिनी फाटली तर?"

"तुमची नाही फाटणार."

"हणबरबाईंची फाटली होती."



गेल्या महिन्यातली गोष्ट. हणबरबाईंच्या फुप्फुसाची मोठी रक्तवाहिनी त्याच्या चिमट्याखाली फाटली. मदतीला उभे असलेले लोबो दोनदा म्हणाले, छाती उघड. हर्षदनं ऐकलं नाही. त्या एवढ्याशा छिद्रातून तो चाळीस मिनिटं झुंजला आणि रक्त थांबवलं. बाई वाचल्या, पण नऊ दिवस श्वासाच्या यंत्रावर राहिल्या. कागदावर हर्षदनं लिहिलं, 'एकाच छिद्रातून पूर्ण.'

"त्या चाळीस मिनिटांत," सर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "तू ऑपरेशन कुणाचं करत होतास?"

हर्षदचा चेहरा उतरला. परिषदेत या प्रश्नाला त्याच्याकडे दहा उत्तरं असती.

"दुसरी रेघ काढ."

कोणती, हे विचारावं लागलं नाही. पाठीवर खांद्याच्या हाडाखालून निघून छातीपर्यंत येणारी लांब रेघ. सगळं हाताबाहेर गेलं की छाती उघडायची ती. शिकत असताना त्यानं ती शंभर वेळा काढली होती. गेल्या चार वर्षांत एकदाही नाही.

पेनाच्या टोकाखाली म्हातारी, सैल कातडी हलत होती. आतल्या बरगड्या श्वासागणिक वर-खाली होत होत्या. निम्म्यावर त्याचा हात थांबला.

"सर, याची गरज पडणार नाही."

"काढ."

त्यानं काढली. वाकडीतिकडी आली. त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. हा माणूस आपल्या हातून जाऊ शकतो, हे सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं होतं.

सर उताणे झाले. सदरा खाली ओढला.

"हं. आता तूच सांग. तिघांत बरोबर कोण?"

हर्षद पेनाला टोपण लावत राहिला. ते लागेना.

"माहीत नाही, सर..."

सरांनी डोळे मिटले.

"मग चल. लोबोलाही हात धुवून शेजारी उभा राहा म्हणावं."